फक्कीचं घर

बर्वेकाकांच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते भिंतीतून, आणि त्यांनी मला तिथल्या तिथे बाहेर काढलं.

"मागे व्हा," ते म्हणाले. "तिथे पंधरा इंची भिंत आहे. दार इकडे आहे."

मी खाली पाहिलं. गवत होतं. गवतावर पांढऱ्या फक्कीच्या दोन समांतर रेघा होत्या, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशा. पलीकडे आणखी रेघा, काटकोन, चौकोन. एका चौकोनात स्टोव्ह मांडून सुमतीकाकू पोहे परतत होत्या. मी गुपचूप मागे फिरलो आणि वळसा घालून काकांनी दाखवलेल्या फटीशी आलो. तिथे दोन बांबू रोवून वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. मला चपला काढायला लावल्या. मी तोरणाखालून वाकून आत गेलो, तेव्हा कुठे काकांचा चेहरा यजमानासारखा झाला.

"या, या. आमचं घर तसं लहानच आहे."

चारी बाजूंनी आभाळ दिसत होतं. मी म्हटलं, "हवेशीर आहे."

"तीन खिडक्या आहेत," काका म्हणाले.

ही गोष्ट सत्तरच्या आसपासची. केंद्र सरकारच्या एका खात्यात मी नोकरीला होतो आणि बदली होऊन नुकताच कलकत्त्याला आलो होतो. बर्वेकाका तिथल्याच भवानीपूर भागात जन्मलेले. वडील रेल्वेत लागले म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. काकांनी बजबजच्या बाजूला एका ज्यूट मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं नकाशे काढले. गोदामं, शेड, साहेबांचे बंगले, एकदा तर साहेबाच्या कुत्र्याचं घरही. स्वतः मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहत. जिना नागमोडी आणि अंधारा. पाण्याचा नळ खाली अंगणात. मूलबाळ नव्हतं. निवृत्त होताना त्यांनी शिमुलपोता नावाच्या गावात जमिनीचा एक तुकडा घेतला. बजबज लाइनवरच्या स्टेशनात उतरून वीस मिनिटं चालायचं, मग पेरूची जुनी बाग, बागेच्या पूर्वेला तळं. तिथेच हे फक्कीचं घर होतं.

दर रविवारी दोघं सकाळच्या लोकलने तिथे जात. काका पाऊस-दवाने पुसट झालेल्या रेघा दोरी लावून पुन्हा मारत. मग दिवसभर दोघं त्या घरात राहत. पुढच्या खोलीत पेपर वाचायचा, मधल्या खोलीत जेवायचं, दुपारी उत्तरेच्या खोलीत चटई टाकून पडायचं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं ते दारातूनच. रविवारी कलकत्त्यातलं एखादं मराठी कुटुंब हवापालटाला म्हणून सोबत यायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याची मुलंसुद्धा भिंतींना वळसा घालायला शिकायची.

काकांना आखणीचं वेड होतं. कुठल्याही प्रस्तावावर त्यांचा एकच प्रश्न असे, "आखणीत आहे का?" मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी ऐनवेळी गाण्याचा कार्यक्रम सुचवला तरी हेच, आणि डॉक्टरांनी त्यांना पथ्य सांगितलं तरी हेच. ट्रामची वाट बघताना ते खिशातली घडीची फूटपट्टी काढून फुटपाथची उंची मोजत आणि कुणाला तरी पत्र लिहायला हवं, असं पुटपुटत. पेन्सिलीला टोक करायला त्यांना दहा मिनिटं लागत. त्या वेळात कुणी बोललेलं चालत नसे.

जेवणाचं तर विचारू नका. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला, भाज्या उजव्या. हे आपल्या सगळ्यांकडेच असतं, पण आपण ते विसरून जेवतो. काकांना ते विसरता येत नसे. एका बंगाली लग्नात त्यांच्या केळीच्या पानावर वाढप्याने मीठ उजवीकडे वाढलं. काकांनी ते बोटाने गोळा करून डावीकडे नेलं, मग वांग्याची तळलेली बेगुनी उजवीकडे सरकवली, मग लिंबू हलवलं. पंगतीतले लोक जेवण थांबवून बघत होते. "डावं उजवीकडे गेलं की ते ताट राहत नाही," काका मला म्हणाले. "तो नुसता ढीग."

आता हे घर फक्कीतून विटांत का येत नव्हतं? तर परवानगी मिळत नव्हती. शहर तेव्हा चारी बाजूंनी पसरत चाललं होतं. बेहालाचं उपनगर पार भरून गेलं होतं. त्यापुढच्या काही गावांभोवतीचा पट्टा हिरवाच ठेवायचा, असं सरकारने ठरवलं होतं. शेत शेतच राहील, बाग बागच राहील. कुणाला राहायला एखादं छोटं घर बांधायचंच असेल, तर नकाशा पंचायतीत द्यायचा, पंचायत तो वरच्या ऑफिसात पाठवणार, आणि वरचं ऑफिस त्यावर विचार करणार. विचार किती दिवस करायचा याला काही बंधन नव्हतं.

माझा या प्रकरणात शिरकाव झाला तो यामुळे. आमच्या खात्यात लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवणं हेच माझं काम होतं. तेव्हा अर्ज परत येऊ नये म्हणून काय करावं हे मला नक्की ठाऊक असणार, असा काकांचा समज झाला. "तुम्ही सरकारी माणूस, कुलकर्णी," ते म्हणाले. "तुम्हाला त्यांची भाषा येते." त्यांच्या खोलीतल्या टेबलावरची फाइल मी उघडली. नकाशा तीनदा परत आला होता.

आक्षेप एकच होता, आणि खरं सांगायचं तर तो रास्त होता. न्हाणीघर पूर्वेला होतं आणि पूर्वेला तळं. गावातल्या बायका त्या तळ्यावर भांडी घासत. तळ्याच्या इतक्या जवळ मोरी नको, असा नियम. उपायही ऑफिसने स्वतःच सुचवला होता. घर आरशात दिसतं तसं उलटं करा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर पश्चिमेला घ्या, खोल्या पूर्वेला. खोल्या तेवढ्याच, खर्च तेवढाच, परवानगी लगेच.

मला वाटलं, सुटलो. ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला नकाशा उलटा करायला एक संध्याकाळ पुरे.

"नाही," काका म्हणाले.

"अहो, पण का?"

"उद्या म्हणतील मीठ उजवीकडे वाढा."

त्याऐवजी त्यांनी दुसरा नकाशा जोडला होता. घर जसंच्या तसं, मोरीचं पाणी मात्र जमिनीखालच्या नळाने घराला वळसा घालून पश्चिमेच्या केळीत सोडलेलं. तळ्यात थेंबही जाणार नव्हता. ऑफिसने तेही नाकारलं नव्हतं. अशी सूट खास कारण असेल तर देता येते, असं कळवून त्यांनी एक छापील फॉर्म पाठवला होता. त्यात एक रकाना होता, 'मूळ आराखड्यात बदल करणे का शक्य नाही?' त्या रकान्यात काकांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'आखणी झालेली आहे.'

मी त्यांना परोपरीने समजावलं. हे कारण नव्हे, हा हट्ट आहे. काहीतरी लिहा. वास्तुशास्त्र लिहा, वारा लिहा, ऊन लिहा. काका ऐकेनात. मीही चिडलो. "तुम्हाला घर नकोच आहे," मी म्हणालो. "तुम्हाला नुसत्या रेघा हव्यात." काका पेन्सिलीला टोक करायला बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला होती. मला वाटलं, नवऱ्याच्या वतीने ओशाळल्या असतील.

काकू तशा अबोल. त्या फक्कीच्या घरात चालताना त्यांचे ओठ हलत. मला वाटे जप चाललाय. आणि त्या चालू लागल्या की काका हातातलं काम टाकून त्यांच्या पावलांकडे टक लावून बघत. बायकोने आपल्या रेघा मोडू नयेत म्हणून पहारा करणारा नवरा मी प्रथमच पाहत होतो. घरी येऊन मी माझ्या बायकोला तसं म्हणालोसुद्धा.

मग संक्रांत आली. मंडळातल्या बायकांनी ठरवलं, यंदा काकूंचं हळदीकुंकू शिमुलपोत्याला करायचं. रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी तीसेक बायका जरीच्या साड्या नेसून लोकलमधून उतरल्या. माझी बायको त्यांत होती. तोरणाखालून एकेक जण आत गेली, चपलांची रांग दाराबाहेर लागली. पुढच्या खोलीत कुंकू, मधल्या खोलीत तिळगूळ, उत्तरेच्या खोलीत वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. एकीनेही भिंत ओलांडली नाही. तळ्याच्या काठावर गावातल्या बायका भांडी तशीच ठेवून हे बघत होत्या.

पंचायतीचे प्रधान मंडलबाबू गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली ती अशी, की बर्वेबाबूंनी बागेत घर केलं, थाटामाटात गृहप्रवेश केला आणि आलेल्या बायकांना भांडीही वाटली. मंडलबाबूंनी ती तशीच वर कळवली. पंधरा दिवसांत काकांना नोटीस आली. आपण परवानगीविना घर बांधून त्याचा वापर सुरू केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बांधकाम ताबडतोब हटवावे, अन्यथा ते पाडण्यात येईल.

मी नोटीस वाचून हादरलो. काका इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. "बघा," ते म्हणाले. "सरकारने घर आहे म्हणून मान्य केलं." उत्तराचा मसुदाही त्यांनी तयार ठेवला होता. 'बांधकाम पाडण्यास माझी हरकत नाही. येताना झाडू आणावा.' ते पत्र मी हिसकावून घेतलं आणि जागेची पाहणी करावी, अशी दोन ओळींची विनंती माझ्या हाताने लिहून पाठवली. कारण काकांच्या लक्षात येत नव्हतं ते मला दिसत होतं. बेकायदा बांधकामाचा शिक्का एकदा फाइलवर बसला, की मग या जन्मी परवानगी नाही.

पाहणी चैत्रात ठरली. काकांच्या सांगण्यावरून मी रजा घेतली. आदल्या संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ येऊन गेलं होतं. आम्ही तिघं पोचलो तर मधली खोली आणि स्वयंपाकघराचा कोपरा सपशेल धुऊन गेलेला, तिथे नुसतं गवत. काका फक्कीची पिशवी सोडत होते, तेवढ्यात सायकलवरून वरच्या ऑफिसचे ओव्हरसियर हालदारबाबू हजर झाले, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. सरकारी माणूस वेळेआधी आलेला मी माझ्या सबंध नोकरीत तेवढा एकदाच पाहिला.

पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, घामाघूम झालेले गृहस्थ. सायकल पेरूला टेकवून त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "बाडी कोथाय?"

घर कुठाय, हा प्रश्न काकांना अपमानाचा वाटला. "आपण घराच्या उत्तरेच्या भिंतीवर उभे आहात," ते बंगालीत म्हणाले. "दोरजा दिये आशुन." दारातून या.

मी डोळे मिटले. उघडून बघतो तर हालदारबाबू खरंच दाराकडे जाऊन बूट काढत होते. मला वाटतं, दिवसभर उन्हात लोकांशी भांडणाऱ्या माणसाला कुणीतरी नीट घरात बोलावलं याचंच त्यांना बरं वाटलं असावं. काकांनी त्यांना पुढच्या खोलीत स्टुलावर बसवलं. त्यांनी नोटीस काढली, रेघांकडे पाहिलं, पुन्हा नोटिशीकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. बेकायदा बांधकामाचा प्रश्न तिथेच मिटला. माझा जीव निम्मा भांड्यात पडला.

"पण नकाशा उलटा करायला काय हरकत आहे?" त्यांनी विचारलं. काका खिशातली फूटपट्टी उलगडून पुन्हा मिटत राहिले. हालदारबाबू उठले आणि मोरीची जागा बघायला अनवाणी गवतावरून दोन-चार पावलं बाजूला गेले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू चहा घेऊन निघाल्या. दोन्ही हातांत कपबशी, ओठ हलताहेत. सात पावलं सरळ आल्या. उजवीकडे वळल्या. चार पावलं. डावीकडे वळून दाराएवढ्या जागेतून आत आल्या. हे सगळं त्या धुऊन गेलेल्या भागात.

"ओखाने तो दाग नेई," हालदारबाबू हळूच म्हणाले. तिथे तर रेघच नाही.

ते मला म्हणाले होते, आणि इतकं हळू, की काकूंना ऐकू गेलं नसावं. कारण काकू रिकाम्या स्टुलाशी येऊन थांबल्या, किंचित वाकल्या आणि समोर कपबशी धरून म्हणाल्या, "चा निन." चहा घ्या.

स्टुलावर कुणीच नव्हतं. काका अर्धवट उठले होते, त्यांचा हात पुढे आलेला होता. हालदारबाबू पाऊल न वाजवता परत आले, स्टुलावर बसले, आणि जणू इतका वेळ तिथेच होते अशा थाटात त्यांनी काकूंच्या हातून कप घेतला. "छान झालाय, बौदी," ते वहिनीला म्हणावं तसं म्हणाले. काकू हसून आल्या वाटेने परत गेल्या. सात, चार, सगळं उलट्या क्रमाने.

जप नव्हताच तो. त्या पावलं मोजत होत्या.

काका खाली बघत बोलू लागले. माझ्यासाठी मराठीत, हालदारबाबूंसाठी बंगालीत, मधेच सरमिसळ. काचबिंदू. चार वर्षांपूर्वी कळलं, तेव्हाच उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं होईल, मग समोरचं. "डॉक्टरकडून घरी येताना ती ट्राममध्ये म्हणाली, दिसतंय तोवर मला आपलं घर दाखवा. आता घर कुठून दाखवू? मग आखून दाखवलं." ते थांबले. "चार वर्षं पाठ करतेय. आता तिला समोरचं जेमतेम दिसतं. हे घर उलटं केलं तर ती पुन्हा शिकणार कशी?"

"हे त्या रकान्यात लिहायचं होतं," मी म्हणालो.

"तिने बजावलंय, कुणाला सांगायचं नाही. हळदीकुंकवाला येऊन बायका कीव करतील म्हणते."

मला माझीच लाज वाटली. नुसत्या रेघा हव्यात, असं मी या माणसाला म्हणालो होतो. पहारा म्हणालो होतो. तेव्हा माफी मागायचं सुचलं नाही, आणि नंतर मागितली तर काका म्हणाले की ते आखणीत नाही.

हालदारबाबूंनी चहा संपवला. कपबशी स्टुलाच्या बरोबर शेजारी, हाताला लागेल अशी ठेवली. मग टेपने तळ्याचं अंतर मोजून आल्यावर फाइल मांडीवर घेऊन त्यांनी ते लिहिलं, केळीतल्या नळाचं लिहिलं, आणि शेवटी त्या रकान्याशी आले. काकांनी लिहिलेली ओळ त्यांनी वाचली. खोडली नाही. तिच्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ इंग्रजीत लिहिली आणि मला वाचायला दिली. 'आराखडा वापरात आहे. बदल करणे योग्य नाही.' अर्ज परत पाठवण्यात माझी हयात गेली, पण इतकी नेमकी सरकारी ओळ मी दुसरी वाचलेली नाही. काकूंच्या डोळ्यांचा त्यात शब्दही नव्हता.

परवानगी ज्येष्ठात आली. मी ती पंचायतीतून घेऊन धावतच बागेत गेलो. काकांनी कागद उन्हात धरला, सगळ्या खोल्या जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं, आणि म्हणाले, "शिक्का तिरका मारलाय." मग ते मटकन खाली बसले, नेमके उत्तरेच्या भिंतीवर, रेघ पार मोडून, आणि बराच वेळ तिथून उठले नाहीत. मीही शेजारी बसलो. इतकं हलकं मला स्वतःच्या बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी माझी नागपूरला बदली झाली. त्यानंतर दोन वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी कलकत्त्याला गेलो, तेव्हा एक सकाळ काढून शिमुलपोत्याला गेलो. घर उभं होतं. विटांचं, लाल कौलांचं, तीन खिडक्यांचं. काकूंना तोपर्यंत काहीच दिसत नव्हतं. माझा आवाज ऐकून त्यांनी बायकोची, मुलांची चौकशी केली आणि चहा करायला आत गेल्या.

मी आणि काका पुढच्या खोलीत बसलो होतो. काकांच्या हातात पेपर होता. आतून कपबशा वाजल्या, पावलं वाजली, आणि काकू ट्रे घेऊन येताना दिसल्या. दोन कप, गरम चहा, वाटेत दोन वळणं. मी नकळत अर्धा उठलो. काकांकडे पाहिलं. जो माणूस चार वर्षं तिच्या एकेका पावलावर डोळे लावून बसला होता, तो पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही. काकू आल्या, ट्रे बरोबर टेबलावर ठेवला आणि पदर सावरून खुर्चीत बसल्या. माझे डोळे भरून आले, ते त्या घरात फक्त मलाच कळलं.

काकांनी न बघताच कप उचलला, घोट घेतला आणि पान उलटत म्हणाले, "साखर कमी आहे."

"कमीच घातलीय," काकू म्हणाल्या.